'सी'वरची उभी रेघ: आल्ला ब्रेव्हे नेमकं काय सांगतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पियानोच्या एका पुस्तकात ४/४ च्या जागी 'सी' या रोमन अक्षरासारखं चिन्ह आलं, आणि त्यातून वरून खाली एक उभी रेघ गेलेली. वर इटालियनमध्ये 'आल्ला ब्रेव्हे'. एका शिक्षकाने सांगितलं, दुप्पट वेगात वाजव. दुसऱ्याने सांगितलं, हे २/२ आहे, बारमध्ये (पानावरच्या दोन बाररेषांमधल्या कप्प्यात) बसतं ४/४ एवढंच, फार विचार करू नकोस. आणि संगीताच्या कोशात पाहिलं तर 'ब्रेव्ह' म्हणजे दोन होल नोट्सएवढा लांबलचक स्वर, जो त्या अख्ख्या पानावर कुठेही नाही. मग खरं काय?

दोन्ही शिक्षकांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि अर्धंच बरोबर असल्यामुळे घोळ झालाय. आधी सरळ उत्तर देतो. ती रेघ वेग सांगत नाही. मोजायचं कशाला, ते सांगते. ४/४ मध्ये एक बीट, म्हणजे मोजायचा एक ठोका, क्वार्टर नोटचा (होल नोटच्या पाव लांबीचा), बारमध्ये चार बीट्स. रेघेच्या सीमध्ये, म्हणजे कट टाइममध्ये, एक बीट म्हणजे हाफ नोट (होल नोटच्या अर्धी), आणि बारमध्ये दोनच बीट्स. कागदावर मावतं तेवढंच, चार क्वार्टर नोट्स. पण त्यातली दुसरी आणि चौथी आता स्वतंत्र बीट राहिली नाही. ती दोन बीट्सच्या मधल्या फटीत गेली. (परीक्षांच्या पुस्तकांत ब्रिटिश नावं असतात, त्यांच्यासाठी: होल नोट म्हणजे सेमिब्रीव्ह, हाफ नोट म्हणजे मिनिम, क्वार्टर म्हणजे क्रॉचेट, एट्थ म्हणजे क्वेव्हर.)

'मावतं तेवढंच तर फरक कसला?' हा पुढचा प्रश्न येणारच. मेट्रोनोम, म्हणजे मिनिटाला ठरावीक ठोके देणारं यंत्र, घ्या. क्वार्टर नोट १२० वर लावा आणि चार मोजा. एक बार दोन सेकंदांत संपतो. आता हाफ नोट ६० वर लावा आणि दोन मोजा. बार पुन्हा दोन सेकंदांतच संपतो. घड्याळाला काही फरक कळत नाही. पण आता तेच चार स्वर दोन्ही प्रकारे वाजवून पाहा. चार मोजताना पहिला जड, दुसरा हलका, तिसरा मध्यम, चौथा हलका असा तोल असतो, प्रत्येक स्वराला पायाखाली स्वतःची फरशी असते. दोन मोजताना पहिल्या स्वरावर पाऊल पडतं, दुसरा त्याच्या ओघात निघून जातो, तिसऱ्यावर पुढचं पाऊल, चौथा पुन्हा ओघात. वाक्य लांब होतं. गाणाऱ्याला श्वास कुठे घ्यायचा ते बदलतं, व्हायोलिनवाल्याचा गज बदलतो, पियानोवाल्याच्या मनगटाची हालचाल बदलते. वेग न बदलता एवढं सगळं बदलतं, म्हणून ती रेघ छापायचे कष्ट घेतलेले असतात.

मी हे पुस्तकातून शिकलो नाही, फजितीतून शिकलो. एका गायकवृंदाला पियानोची साथ करायला पहिल्यांदा बसलो होतो. संचालकाने हात वर केला, 'एक, दोन' म्हणून इशारा दिला आणि मी सुरू झालो. माझ्या नजरेला पानावर क्वार्टर नोट्स दिसत होत्या, म्हणून त्याचं 'एक' आणि 'दोन' मी क्वार्टर नोट्स धरून चाललो. त्याच्या हिशेबी त्या हाफ नोट्स होत्या. गायकांचा दुसरा बार संपला तेव्हा माझा पहिला संपत होता. तो रागावला नाही. पियानोपाशी आला, माझ्या पानावरच्या त्या चिन्हावर बोट ठेवलं आणि परत जागेवर जाऊन तोच इशारा पुन्हा दिला. तेव्हापासून कुठलंही पान समोर आलं की की-सिग्नेचरच्याही (शार्प-फ्लॅटच्या खुणांच्याही) आधी मी टाइम सिग्नेचर, म्हणजे ४/४ सारखी मापाची खूण, पाहतो, आणि त्यात रेघ आहे का ते पाहतो.

आता त्या विचित्र नावाकडे येऊ. इथे इतिहास थोडा खणावा लागतो, पण खणल्यावर 'दुप्पट वेग' हे प्रकरणही कुठून आलं ते कळतं.

पहिली गोष्ट, ते चिन्ह मुळात 'सी' अक्षर नाहीच. ४/४ ला इंग्रजीत 'कॉमन टाइम' म्हणतात म्हणून 'कॉमन'चा सी, असं बरेच शिक्षक सांगतात. मीही काही वर्षं सांगत होतो. ते चूक आहे. ते अर्धवट वर्तुळ आहे. चौदाव्या शतकापासून युरोपात जी मापबद्ध स्वरलिपी रुळली, तिच्यात पूर्ण वर्तुळाचा अर्थ होता की एका ब्रेव्हमध्ये तीन सेमिब्रीव्ह. तीन हा आकडा पूर्णत्वाचा मानला जाई, म्हणून पूर्ण वर्तुळ. एका ब्रेव्हमध्ये दोनच सेमिब्रीव्ह असतील तर तो भाग 'अपूर्ण', म्हणून तुटलेलं वर्तुळ. त्या तुटलेल्या वर्तुळाचं आजचं रूप म्हणजे आपला 'सी'.

त्या काळात बाररेषा नव्हत्या आणि मेट्रोनोम तर नव्हताच. हाताची एक खाली-वर हालचाल हे मोजण्याचं माप होतं, तिला टॅक्टस म्हणत. साध्या तुटलेल्या वर्तुळात एका टॅक्टसला एक सेमिब्रीव्ह. वर्तुळावर उभी रेघ ओढली की एका टॅक्टसला एक ब्रेव्ह. हात त्याच चालीने खाली-वर होतोय, पण आता तेवढ्याच हालचालीत दुप्पट ऐवज बसवायचाय. म्हणून 'आल्ला ब्रेव्हे', म्हणजे 'ब्रेव्हच्या मापाने'. कशाच्या मापाने मोजायचं एवढंच ते नाव सांगतं. (शेवटचा 'ए' इटालियनमध्ये उच्चारला जातो, 'ब्रेव्ह' म्हणून सोडून देऊ नका. आणि त्या चिन्हाला स्वतः इटालियन लोक 'ची तालियातो' म्हणतात, म्हणजे कापलेला सी. इंग्रजीतला 'कट' तोच.)

ज्यांना हिंदुस्थानी संगीताची ओळख आहे त्यांना हे चटकन कळेल: मात्रेची लय तीच, बोल दुप्पट. म्हणजे दुगुन. जुन्या काळच्या रेघेचा अर्थ बराचसा तोच होता, आणि 'दुप्पट वेगात वाजव' हा सल्ला तिथूनच चालत आलाय. १७५२ साली जर्मन बासरीवादक क्वांट्झने बासरीवादनावर जो मोठा ग्रंथ लिहिला त्यातही आल्ला ब्रेव्हेतले स्वर दुप्पट जलद घ्यायचे असंच सांगितलंय. पण दुगुनीला अर्थ कधी असतो? मूळ लय ठरलेली असते तेव्हा. टॅक्टसची चाल गायकांना साधारण ठाऊक असायची, म्हणून 'तिच्या दुप्पट' म्हटल्यावर काहीतरी कळायचं. पुढे वेग सांगायला 'आलेग्रो' (जलद), 'आंदांते' (चालत्या, मध्यम गतीने) असे शब्द आले, एकोणिसाव्या शतकात मेट्रोनोमचे आकडे आले, आणि ती ठरलेली मूळ चाल राहिली नाही. आता 'दुप्पट' म्हटलं तर कशाच्या दुप्पट? पानावर 'आंदांते' लिहिलंय आणि रेघही आहे, तर आंदांतेच्या दुप्पट वाजवायचं का? नाही. आंदांते ही हाफ नोटची चाल समजायची, बस.

याचा पुरावा एकाच कलाकृतीत पाहायचा असेल तर मोत्सार्टची १७८७ ची ती प्रसिद्ध रात्रीची सेरेनेड उघडा, 'आइन क्लाइन नाख्टमुझिक'. पहिला भाग आलेग्रो, साधा सी. दुसरा भाग रोमान्झं, आंदांते, आणि त्याला रेघेचा सी. शेवटचा रोंडो, आलेग्रो, त्यालाही रेघेचा सी. म्हणजे रेघ शांत भागालाही आहे आणि धावत्या भागालाही. रेघ म्हणजे वेग असं धरलं तर या पानांचा अर्थच लागत नाही. दोन्हींत समान काय आहे? बारमध्ये दोन पावलं. रोमान्झंमध्ये ती सावकाश पडतात, रोंडोमध्ये झपझप.

आता 'ब्रेव्ह'. लॅटिनमध्ये 'ब्रेव्हिस' म्हणजे आखूड. तेराव्या शतकात 'लाँगा' म्हणजे लांब स्वर आणि 'ब्रेव्हिस' म्हणजे आखूड स्वर, अशी जोडी होती. मग आखूडच्या पोटात त्याहून आखूड आले: सेमिब्रेव्हिस, आणि त्याखाली मिनिमा, म्हणजे 'सगळ्यात लहान'. संगीतकार लहान लहान स्वर लिहीत गेले, ते वाजवायला वेळ मिळावा म्हणून मोठ्यांची चाल मंदावत गेली, आणि वरचे स्वर एकेक करून वापरातून गळाले. आज परिस्थिती अशी की 'आखूड' हा ब्रेव्ह आपल्या यादीतला सगळ्यात लांब स्वर आहे, सहसा दिसतही नाही, आणि 'सगळ्यात लहान' ही मिनिम अर्धा बार अडवून बसते. म्हणून आजच्या आल्ला ब्रेव्हेच्या पानावर ब्रेव्ह शोधत बसू नका. नाव एका काळातलं, पान दुसऱ्या काळातलं. ज्यांना नाव आणि वस्तू जुळायलाच हवी असते त्यांनी बाखचा बी मायनर मास (चर्चच्या प्रार्थनाविधीचं संगीत) पाहावा. त्यातल्या 'ग्रात्सियास' या भागात रेघेचा सी आहे आणि बार चार हाफ नोट्सचे आहेत, म्हणजे खरोखर एकेका ब्रेव्हएवढे. पण मोजायला तिथेही हाफ नोटच.

बाखने तिथे ही लिपी घेतली ती जाणूनबुजून. त्याच्या काळापर्यंत आल्ला ब्रेव्हे हा जुन्या, गंभीर, कोरल शैलीचा पोशाख झाला होता. पानावर पांढऱ्या डोक्यांचे, म्हणजे हाफ आणि होल, स्वर जास्त दिसले की गायकाला कळायचं, हे जुन्या धाटणीने गायचंय. प्रत्येक स्वर भरून, नटवेपणा न करता.

यातूनच पुढचा रास्त प्रश्न: दोनच मोजायचे तर सरळ २/४ का लिहीत नाहीत? कधी लिहितातही. एक कारण वर आलं, पानाचा चेहरा. दुसरं निव्वळ व्यवहाराचं. झपाट्याचं संगीत २/४ मध्ये लिहिलं तर एट्थचे सिक्स्टीन्थ होतात, सिक्स्टीन्थचे थर्टी-सेकंड, आणि पान शेपट्यांनी काळंभोर होतं. कट टाइममध्ये तेच एक पायरी वर राहतं, डोळ्याला सुटसुटीत दिसतं. अमेरिकन संगीतकार सूझाचा १८९६ चा मार्च 'द स्टार्स अँड स्ट्राइप्स फॉरएव्हर' कट टाइममध्ये आहे. मार्चची नेहमीची चाल मिनिटाला साधारण १२० पावलं. पाऊल पडतं हाफ नोटवर. म्हणजे क्वार्टर नोट निघाली मिनिटाला २४०. आता २४० च्या चालीने कोणी 'एक दोन तीन चार' म्हणून दाखवावं! जीभ अडखळेल आणि पाय तर भलतीकडेच जातील. बास 'एक' आणि 'दोन'वर, हॉर्न्स त्यांच्या मधल्या 'अन्'वर, एवढं साधं आहे ते. चार मोजणारा मात्र घाम पुसत बसतो.

कट टाइम अवघड वाटतो तो गणितामुळे नव्हे, डोळ्याच्या सवयीमुळे. आपला डोळा 'काळं डोकं आणि काठी म्हणजे एक बीट' असं शिकलेला असतो. ती सवय मोडायला मी विद्यार्थ्यांना एकच युक्ती देतो: मनात सगळं एक पायरी खाली उतरवून वाचा. हाफ नोट दिसली, ती क्वार्टरसारखी. क्वार्टर दिसली, ती एट्थसारखी. टिंबाची हाफ (टिंबाने लांबी दीडपट होते) आणि तिच्यामागे एक क्वार्टर दिसली, म्हणजे तुम्हाला २/४ मध्ये हजारदा भेटलेली 'टिंबाची क्वार्टर आणि एट्थ' हीच जोडी. मधोमध हाफ आणि दोन्ही बाजूंना क्वार्टर असा बार आला, की तो ओळखीचा 'आखूड-लांब-आखूड' झोका. मोजायचं 'एक अन् दोन अन्', आणि मधली हाफ नोट पहिल्या 'अन्'वर सुरू होऊन दुसऱ्या 'अन्'च्या तोंडाशी संपते. 'दोन'वर नवा स्वर नाही, पण पाय मात्र पडायलाच हवा. इथेच बहुतेकांचा तोल जातो, कारण हात रिकामा दिसला की पायही थांबतो.

सगळ्यात मोठा फायदा ट्रिप्लेटमध्ये आहे. दोन क्वार्टर नोट्सच्या जागेत तीन क्वार्टर नोट्स, वर ३ चा आकडा. ४/४ मध्ये हा प्रकार म्हणजे छळ, कारण दोन बीट्सवर तीन स्वर पसरायचे असतात आणि दुसरी बीट मध्येच कुठेतरी आडवी येते. कट टाइममध्ये तीच तीन स्वरांची माळ एकाच बीटच्या पोटात बसते. आडवं यायला कोणी उरतच नाही. एका विद्यार्थिनीला मी महिनाभर ४/४ मध्ये हे शिकवायचा प्रयत्न केला. मग एके दिवशी सहज म्हणालो, दोन मोज. पहिल्याच फेरीत बसलं. तो महिना माझा वाया गेला, तिचा नव्हे.

सराव कसा करावा? नवीन तुकडा सुरुवातीला बिनधास्त चार मोजून बसवा, त्यात कमीपणा नाही. क्वार्टर ७०-८० ला स्वर आणि बोटं पक्की करा. वेग १००च्या पुढे गेला की मेट्रोनोमचे ठोके निम्मे करा: क्वार्टर १०४ ऐवजी हाफ ५२. चाल तीच, ठोके अर्धे. पहिल्यांदा मधली जागा पोकळ वाटते आणि घाईने पुढचा स्वर पडतो. ती घाई जाईपर्यंत वेग वाढवू नका. जमलं की ठोके पुन्हा निम्मे करा आणि ठोका फक्त 'दोन'वर आहे असं समजून वाजवा, 'एक' स्वतः निर्माण करा. हाताने ताल धरायचा असेल तर चारचा आकार, म्हणजे खाली, आत, बाहेर, वर, हा विसरा. फक्त खाली आणि वर. तालमीत संचालक कधी कधी साध्या ४/४ च्या पानावरही 'इथून आल्ला ब्रेव्हे' म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असतो: इथून मी चार नाही, दोन दाखवणार.

तुकड्याच्या मध्येच साधा सी जाऊन रेघेचा सी आला तर मात्र थांबून बघा. इथे दोन शक्यता असतात आणि त्यांतून दोन अगदी वेगळी संगीतं निघतात. बाररेषेवर 'क्वार्टर बरोबर क्वार्टर' असं छोटं समीकरण असेल तर स्वरांची चाल तीच राहते, फक्त मोजणं चारावरून दोनावर येतं. 'क्वार्टर बरोबर हाफ' असेल तर आधीच्या क्वार्टरच्या वेळात आता हाफ बसते, आणि स्वर खरंच दुप्पट धावू लागतात. 'दोप्पियो मोव्हिमेंतो' हे शब्द असतील तरी तेच. म्हणजे पहिल्या शिक्षकाचं 'दुप्पट' इथे खरं ठरतं, पण ते समीकरणामुळे किंवा त्या शब्दांमुळे, नुसत्या रेघेमुळे नाही. काहीच लिहिलेलं नसेल तर दोन्ही वाजवून पाहा. एक सहसा हास्यास्पद लागतं.

संगणकावर काम करणाऱ्यांसाठी एक खड्डा दाखवून ठेवतो. मिडी फाइलमध्ये (वाद्यांना सूचना देणाऱ्या संगणकीय फाइलमध्ये) वेग नेहमी क्वार्टर नोटच्या हिशेबात साठवला जातो, आणि रेकॉर्डिंगच्या बहुतेक सॉफ्टवेअरमधला टेम्पोचा आकडाही क्वार्टरचाच असतो. पानावर 'हाफ बरोबर ९०' आहे म्हणून तिथे ९० टाकलंत, तर निम्म्या वेगाचा रटाळ ट्रॅक ऐकू येईल. १८० टाका. लिलीपॉन्ड या स्वरलिपी छापणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये २/२ लिहिलं की ते आपोआप रेघेचा सी छापतं. आकडेच हवे असतील तर वेगळं सांगावं लागतं.

राहता राहिला बेथोव्हेन. १८०१ चा त्याचा सोनाटा, ओपस २७ क्रमांक २, ज्याला जग 'मूनलाइट' म्हणून ओळखतं. पहिल्या भागावर लिहिलंय आदाज्यो सोस्तेनुतो (सावकाश, स्वर धरून), आणि सिग्नेचर रेघेचा सी आहे. अनेक आवृत्त्यांनी ती रेघ गाळून साधा सी छापला. परिणाम असा की पिढ्यान्‌पिढ्या लोक उजव्या हाताच्या तीन-तीनच्या प्रत्येक गटावर एक ठोका धरून, बारमध्ये चार, असं रांगत वाजवतात. रेघ मानली तर दर बारला दोनच ठोके, आणि प्रत्येक ठोक्यात असे दोन गट, म्हणजे सहा स्वर. डावा हात पाहा: पहिल्या दोन बारांत एकेक होल नोट, तिसऱ्यात दोन हाफ नोट्स. खालचा आवाज त्याच मापाने चाललाय. बेथोव्हेनचा शिष्य चेर्नी यानेही लिहून ठेवलंय की इथे आल्ला ब्रेव्हे आहे, तेव्हा भाग मध्यम आंदांतेच्या चालीने घ्यावा.

तुमच्या पुस्तकात हा सोनाटा असेल तर आज पहिले चार बार दोन्ही प्रकारे वाजवून पाहा. माझ्याकडची प्रत साध्या सीची आहे. त्यावर मी पेन्सिलने रेघ ओढून ठेवली आहे.